आर्क लागला म्हणून

४ सप्टें.
उजव्या डोळ्याच्या कडेला सकाळपासून चमकतंय. लांब वीज चमकावी तसं. उसाच्या ट्रॉलीचा सांगाडा जोडताना काच न धरता दोन टाके मारले, त्याचंच असंल. शेजारच्या वेल्डिंगच्या दुकानातला अन्वर म्हणाला, "आर्क लागला दादा. बटाटा ठिवा." वेल्डिंगवाल्याला दुसरा रोग असतोय व्हय!

६ सप्टें.
बटाट्याच्या चकत्या ठेवून पडलो. डोळे मिटले तरी चमकतंय. दुखत मात्र काहीच नाही. आर्क लागला की डोळ्यात वाळू खुपते, हे काय वेगळंच. अर्धशिशी उठते तेव्हा बायकोला, मंदालाही नागमोडी रेघा दिसतात. ती म्हणाली, "पन मग डोकं ठनकतं. तुमचं ठनकतंय का?" नाही. शुगर तपासली, ठीक.

९ सप्टें.
आता काळे ठिपके. काजळी उडाल्यागत. कारखाना सुरू व्हायच्या आत ट्रॉल्या द्यायच्यात. परवा बघू.

१३ सप्टें.
उजव्या डोळ्यात नाकाच्या बाजूनं काळं चढत आलंय. डावा झाकला की समोर बसलेली मंदा अर्धीच दिसते. घाबरलो.

१४ सप्टें., नगर
डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आतला पडदा सुटलाय. वेल्डिंगचा संबंध नाही. तुमच्या चष्म्याचा नंबर जाड, पडदा ताणून फाटला. पहिल्यांदा चमकलं तेव्हाच आला असतात, तर लेझरवर भागलं असतं."
दहा दिवस बटाटे ठेवले मी. गाढव!
निघताना म्हणाल्या, "डाव्याचा पडदाही पातळ आहे. तिथं चमकलं, तर त्याच दिवशी या."

३ ऑक्टो.
ऑपरेशननंतर पालथा पडून दिवस काढले. डोळ्यात गॅस भरलाय, त्याचा बुडबुडा पाणसळीतल्यासारखा हलतो. उजव्यानं फक्त उजेड कळतो. थोडंफार दिसेल म्हणतात. थोडंफार म्हणजे किती, कुणी सांगत नाही.

२८ ऑक्टो.
एका डोळ्यानं टाका मारून पाहिला. बोटभर बाजूला पडला. तीस वर्षांचा हात, मातीत गेला. राहिलेल्या ट्रॉल्या अन्वरला दिल्या. मंदानं उठून चहा टाकला.

१० नोव्हें.
दुकानात नुसता बसलो होतो. डावीकडं चमकलं. ओरडलो, "अन्वर, आडोसा लाव की रं!"
"लाईटच न्हाई दादा सकाळपासनं. कसलं मशीन!"
डोळे मिटून पाहिलं. पुन्हा चमकलं.
नगरची एसटी दोनला आहे. जाऊन तरी काय, उजव्याचं काय झालं ते बघतोयच. मंदानं ताट वाढलंय. तिला अजून सांगितलं नाही.