विश्राम धारपांच्या शाळेचा नकाशा

घडियाळी पोळ, बडोदे
१८ जुलै २०२५

चि. उन्मेष यास,

अनेक आशीर्वाद. दोन महिने तुझा फोन उचलला नाही, तेव्हा माझं पत्र बघून तुला धडकीच भरली असेल. घाबरू नकोस, मी ठीक आहे. गुडघा तेवढा कुरकुरतो. माझ्या नीलच्या मुलीचं बारसं रविवारी आहे, सानवी ठेवायचंय नाव.

आता शाळेचं. चार वर्षं भटकून मी आपल्या आजोबांनी बांधलेल्या अकरा शाळा शोधल्या. विश्राम धारप हे नाव एकाही पुस्तकात सापडणार नाही, पण बाजव्याकडच्या त्या शाळेत शिरलं की माणूस कळतो. खिडक्या अशा, की उजेड पोरांच्या डावीकडून येतो आणि लिहिणाऱ्या हाताची सावली वहीवर पडत नाही. नेमकी तीच पाडायची आहे. शाळेच्या ट्रस्टचे कारकून म्हणाले, "बेन, ओरिजिनल नकशो लावो, पछी वात." म्हणजे आधी मूळ नकाशा आणा, मग बोलू. तो दाखवला तर शाळा वाचायची आशा, नाहीतर दिवाळीनंतर बुलडोझर.

आणि आईच्या ट्रंकेतलं नकाशांचं नळकांडं रिकामं! ट्रंकेची किल्ली तुझ्याकडे. शाळेच्या जागेवर डोळा ठेवून असलेल्या बिल्डरचा इंजिनिअर तू. विचारलं तर म्हणालास, "ताई, ते नकाशे शोधू नकोस." असं कोण बोलतं रे? वर नजर चुकवलीस. तुझ्या बायकोला विचारलं, तर श्रद्धा लगेच चहा टाकायला उठली. निजामपुऱ्यात तुझ्या दारात नवी गाडी उभी राहिली, तीही मी त्यातच जोडली. म्हटलं, झालं, याने आजोबांना विकलं!

मग ट्रस्टच्या बैठकीत, वीस माणसांसमोर, मी उभी राहून सांगितलं की नकाशे माझ्या सख्ख्या भावाने बिल्डरला दिले. तू मान खाली घालून बसलास. एक अक्षर बोलला नाहीस. चोर नसता तर बोलला असता, असं मी सगळ्या घडियाळी पोळेत सांगत सुटले.

परवा बारशासाठी नीलची झबली काढली, आईने शिवलेली. एक खिडकीशी धरलं, तर कापडात फिकट रेघा. त्या शाळेचीच कमान, तिच्याखाली खिडकी, आणि शिवणीपाशी आजोबांच्या वळणदार अक्षरात 'वि. ग. धारप'.

आईवर ढकलून मोकळं व्हायचं होतं मला. तसं पत्र दोनदा लिहिलं आणि फाडलं. आईने फक्त शिवलं रे. नीलच्या वेळी दिवस भरत आले होते, बाळाला नवं कापड टोचू नये म्हणून मी घरभर जुनं शोधत होते. आजोबा ज्यावर नकाशे काढायचे ते निळसर, कडक कापड नळकांड्यातून मीच काढलं. खळ जावी म्हणून पातेल्यात मीच उकळलं. काय सुंदर मलमल निघाली म्हणून नाचलेही, आणि पुढे साफ विसरून गेले. तेव्हा आजोबा म्हणजे आपल्या घरात सरकारी कचेरीत रेघा ओढणारा माणूस, त्या रेघांचं कुणाला काय! तू कॉलेजातून आलास, दोरीवरचं कापड बघून ओरडलास, "ताई, हे काय केलंस?" मी म्हटलं, "गप रे, जुनेर तर आहे."

म्हणजे तुला सगळं माहीत होतं. त्या बैठकीत एका वाक्यात माझं तोंड बंद करता आलं असतं. आजोबांवर संशोधन करणाऱ्या बाईनेच त्यांचे नकाशे उकळले, हे लोकांना कळू नये म्हणून तू चोर झालास. मेल्या, कशाला रे? रागावून दोन शब्द बोलला असतास तर बरं झालं असतं.

सोमवारी पुन्हा बैठक आहे. ते झबलं टेबलावर ठेवणार आहे. मानतील की हसतील, देव जाणे. पण त्याआधी त्याच वीस माणसांसमोर सांगणार आहे की माझा भाऊ चोर नाही, नकाशे मी घालवले. आजोबांच्या नावापेक्षा तुझं नाव मला आधी धुऊन काढायचं आहे. तू तिथे येऊन बसावंस असं फार वाटतं, पण बोलवायला मला तोंड नाही.

तुला एकदाही नीट न विचारणारी,
तुझी ताई
मोहना