तंबोरे दिसत होते

आई,

मागच्या शनिवारी-रविवारी आम्ही तिघी संभाजीनगरला गाण्याच्या महोत्सवाला जाऊन आलो. तू होतीस तेव्हा ते औरंगाबाद होतं, आणि तुझ्याशी बोलताना माझ्या तोंडात अजून तेच येतं. तिघी म्हणजे मी, आमच्या शाळेतली गणिताची बाई आणि हिंदीची बाई. दोघीही तू गेल्यानंतर लासूरला बदलून आल्या, त्यामुळं तू त्यांना बघितलेलं नाहीस. गणितवालीच्या भावाचा पडेगावचा फ्लॅट रिकामा पडला होता, तिनंच टूम काढली. म्हणाली, "तू सोबत असलीस म्हणजे झालं. आम्हाला कळणार नाय तिथं तू सांगशील." शाळेत गाण्यातली जाणकार म्हणजे मीच ना. स्नेहसंमेलनाला पेटी मीच वाजवते. मी हो म्हणाले. उन्हाळ्यात डॉक्टरांनी काय सांगितलं ते मी कुणाला बोलले नव्हते. दोन्ही कानांच्या नसा कमजोर होत चालल्यात म्हणाले, आणि विचारलं, घरात कुणाला होतं का असं? मी म्हणाले, आईला.

तुला कधीपासून ऐकू येत नव्हतं, ते मला आजही माहीत नाही. तू कळूच दिलं नाहीस. स्वयंपाकघरात तू कायम भिंतीला टेकून, दाराकडं तोंड करून बसायचीस. भाजी निवडता निवडता तुझी नजर सारखी कुकरवर. शिट्टी तू ऐकत नव्हतीस, बघत होतीस. मला वाटायचं, आईला स्वयंपाकाची भारी काळजी. मग तू शिकवायचीस त्या बालवाडीतला तो दिवस. मी तुझा डबा घेऊन दारात उभी आहे. एक पोरगी घसरगुंडीवरून पडून तुझ्या पाठीमागं रडतेय आणि तू फळ्यावर मोर काढतेयस. तपासणीला आलेल्या बाई सगळ्यांदेखत म्हणाल्या, "लेकरू रडून रडून लाल झालंय, अन् तुम्हाला पत्ता नाय? कान हायेत का नाय तुम्हाला?" तू वळलीस, त्यांच्याकडं बघून हसलीस, मान हलवलीस. तुला वाटलं, मोर आवडला त्यांना. थोड्याच दिवसांत गुडघे दुखतात म्हणून तू काम सोडलंस. पुढं मी नोकरीला लागल्यावर कानाचं मशीन आणलं, तर एक दिवस घालून तू ते डबीत ठेवून दिलंस. "सगळं एकदमच येतंय गं कानात. पंखा, भांडी, शेजारची शेरडं. त्यात माणूस कुठं बोलतंय ते घावंनाच." मग कधी ते काढलं नाहीस.

शनिवारी दुपारी आम्ही फ्लॅटवर पिशव्या टाकल्या आणि गाण्याआधी क्रांती चौकात भजी खायला गेलो. हॉर्नच्या त्या गदारोळात दोघी खिदळत बोलत होत्या, आणि मी त्यांच्या ओठांकडं बघत, त्या हसल्या की जरा उशिरानं हसत होते. संध्याकाळी मैदानावर पुढच्या खुर्च्या मिळाल्या. त्या दिवशी गाणार होत्या त्या बाईंची एक कॅसेट मी कॉलेजात असताना इतकी वाजवली होती, की शेवटी टेप घासून तुटली. त्या आल्या, बसल्या, तंबोरे जुळले. जुळले असणार, कारण लोकांनी टाळ्या वाजवल्या. आई, मला तंबोरे दिसत होते. मागं बसलेल्या दोन मुलींची बोटं तारांवरून फिरताना दिसत होती. त्यांचं ऐकू काहीच येत नव्हतं. तबल्याचा डग्गा तेवढा छातीत लागत होता. बाईंचा आवाज गोधडीत गुंडाळल्यासारखा लांबून यायचा आणि वर चढला की विरून जायचा. आजूबाजूच्या माना डोलल्या की मीही डोलवायचे. गणितवालीनं हातानं विचारलं, राग कुठला? मी अंदाजानं एक नाव सांगितलं. तिचा माझ्यावर विश्वास.

मध्येच हिंदीवाली माझ्याकडं झुकली. ती डावीकडं बसलेली, आणि माझा तोच कान जास्त गेलेला. तिनं माझ्या हातावर हात ठेवला आणि काहीतरी बोलली. अंधारात ओठ दिसले नाहीत. मी तिच्याकडं बघून हसले, म्हणाले, "हो ना, फार सुंदर." तिनं हात काढून घेतला. मला वाटलं, पुन्हा गाण्यात रमली.

सकाळी गणितवालीनं मला बाल्कनीत गाठलं. "काल तिनं तुला एवढं सांगितलं, अन् तू म्हणालीस, फार सुंदर? असं म्हणतेत व्हय?"

"काय सांगितलं तिनं?"

"आता तिलाच विचार बाई. डोळे बघ तिचे रडून कसे झालेत."

ती स्वयंपाकघरात पाठमोरी उभी राहून चहा करत होती. मी गॅस बंद केला, खांद्याला धरून तिला माझ्याकडं वळवलं आणि म्हणाले, "मला ऐकू येत नाही." आई, हे वाक्य मी पहिल्यांदाच कुणासमोर बोलले. मी म्हणाले, "काल काय बोललीस ते पुन्हा सांग." ती पुटपुटली. मी म्हणाले, नाही आलं. पुन्हा बोलली. पुन्हा नाही आलं. तशी ती ओरडली, "मी घरी परत जाणार नाय! सोडलं मी नवऱ्याला!"

समोरच्या गच्चीत धुणं वाळत घालणारी बाई तशीच थांबली. गणितवाली धावत आली. हिंदीवालीनं तोंडावर हात दाबला आणि ती मटकन खाली बसली. खांदे गदगदा हलत होते. ती हसत होती का रडत होती, ते मला कळलं नाही. मी तिच्याशेजारी फरशीवर बसले. मग तिनं माझ्याकडं तोंड केलं आणि सावकाश, एकेक शब्द सुटा करून म्हणाली, "तुला अंधारात सांगितलं, कारण मोठ्यानं बोलायची हिंमत नव्हती."

मी म्हणाले, "आता बोललीस."

"आता काय, अख्ख्या पडेगावला कळलं."

मग ती खरंच हसली. ते मला दिसलं.

सकाळच्या गाण्याला कुणीच गेलो नाही. दुपारी आम्ही दोघीच निघालो, ती फ्लॅटवर राहिली. भावाशी बोलून गणितवालीनं किल्ली तिच्याकडं दिली होती. गाडीत गणितवाली माझ्याशी लहान मुलाशी बोलावं तशी मोठमोठ्यानं बोलत होती. डब्यातली माणसं बघायला लागली तशी दमली, मोबाइलमध्ये बघत बसली. मन वाईट नाही तिचं. पण लासूर येईपर्यंत आम्ही पुन्हा बोललो नाही.

हिंदीवाली रजेवर आहे. तिकडंच बदली मिळते का बघतेय. स्टाफरूममध्ये आता सगळ्यांना माझं कळलंय. कामाचं असलं की समोर येऊन, नीट बोलून सांगतात. पण मधल्या सुट्टीत मध्येच सगळ्या हसायला लागतात. मी विचारते, काय झालं? "काय नाय गं, असंच." आम्ही तुलाही हेच म्हणायचो. तू मान हलवून पुन्हा भाजी निवडायला लागायचीस. त्या वेळी तुला आत कसं वाटत असेल, हे विचारायला मला आता तू हवी होतीस. तुझ्याएवढं यातलं कुणाला कळत होतं?

हे कुठं पाठवायचं नाही, म्हणून एक सांगून टाकते. महोत्सवाहून आल्यापासून मी रोज सकाळी दार लावून, डोळे मिटून बसते आणि तुझा आवाज आठवून बघते. तू अंगणातून हाक मारताना दिसतेस. चिडलेली दिसतेस. ओठ अगदी स्पष्ट दिसतात. आवाज येत नाही. आठवणीतला आवाज ऐकायला कान लागत नाहीत, एवढं मलाही कळतं. तो आधीच, कधीतरी, गेलेला आहे, आणि मला कळलंच नाही.