नातवाच्या हातचं पत्र

मानोऱ्याजवळचा तांडा,
१२ डिसेंबर २०२५

सूनबाई रीता अन् माहा पोरगा बादल, दोघाले नानीबाईचा आशीर्वाद.

इकडं सारं बरं हाये. गुडघे आपल्या जागी दुखून राह्यले. शेळी व्याली, दोन पिल्लं हायेत. तुमी ऊस तोडाले गेले तवापासून तांड्यात आमी म्हाताऱ्या अन् कुत्रेच उरलो.

फोन पाण्याच्या टाक्यात पडला. कसा पडला मले दिसलं नाई. मोतीबिंदूनं हातभर दूरचं माणूस बी मले सावलीवानी दिसते. म्हणून हे पत्र अमरदीप लिहून देऊन राह्यला. बाबूसिंग मुकादमाची गाडी तिकडं निघन, तिच्यात धाडते.

आता तू म्हणशीन, माहा पोट्टा अमरदीप तं इथं फडावर माह्याजवळ हाये. फोनवर बी तू हेच म्हणली अन् हासली, "बाई, तुमाले सपन पडलं असन." त्या टायमाले हा चुलीपाशी चहा पिऊन राह्यला होता व. मंग फोन टाक्यात गेला.

त्याले घरात काहून घेतलं, ते ऐक. दारावर येऊन तो बोंबलला, "ए नवरी, भाकर टाक!" मले असं दुनियेत एकच पोट्टा म्हणते. मी लाजली, हासली अन् कडी काढली. तू मोबाईलात टाकते त्या व्हिडिओत ते नवरी-नवरी साऱ्या मुलखानं आइकलं, हे मले सुचलंच नाई. शेजारची गोजराबाई बी म्हणे, "तोच हाये व, तेच लाल टोपी." तिनं बी त्याले मोबाईलातच जास्त पाह्यलं.

अन् तो दुसरा व्हिडिओ! अमरदीप पाहुणा बनून माह्यापुढं बसला, म्या त्याले "कोण्या गावचा बाप्पा तू?" म्हणून इचारलं, अन् तुमी सारे खदाखदा हासले. नानीले माणूस ओळखू येत नाई, हे तुनं गावोगाव पोचवलं, रीता. मले तवाच राग आलता. बोलली नाई, तेच चुकलं.

दुसऱ्या दिशी म्या याले चाचपलं. बादलच्या जत्रेतल्या नाचाचं इचारलं, अमरदीपच्या गाडीचं इचारलं, तं सारं फटाफट सांगतलं. मंग म्हटलं, "तुले गोवर आलता तवा उशापाशी कोण बसलं होतं?" तं म्हणे, "चहा ठेवू का?" "आजाले काय म्हणून हाका मारे?" तं उठून शेळीकडं गेला. मोबाईलात हाये तेवढं त्याले येते, बाकी नाई. रातच्याले असा बसते का वाटते खाटेवर कोणी नाईच. मंग हळूच श्वास आइकू येते. लय भेव वाटते व मले.

त्याच्या तोंडावर सांगतलं, तू माहा नातू नोहे. तो म्हणे, "बरं." अन् भांडे घासाले बसला. आता बी पेनाचा आवाज येऊन राह्यला. म्या म्हटलं, लिही रे, हे बी लिही.

तो चोरी करत नाई. माह्या चांदीले हात लावला नाई. शेळीचं दूध काढते, माहे पाय दाबते. फकत दर जेवणाले एकच इचारते, "निकिता कुठं शिकते?" आपली पोट्टी नर्सिंगले गेली, इतकंच त्याले माहीत हाये. म्या म्हटलं, म्हातारीले काय आठवते बाप्पा? उद्या बी हेच सांगीन. गळा दाबला तरी पोट्टीचं गाव माह्या तोंडून निघनार नाई.

हे पत्र भेटलं का तुमी पयले पोट्टीजवळ जा. मंग माह्याकडं या. माहं काय, पिकलं पान. तिले एकटी ठेवू नका, माय, हात जोडते.

तुमची म्हातारी,
नानीबाई
(अंगठा)

आई,

अंगठा नानीचाच आहे. तिने सांगितलं तसंच सगळं लिहिलं, एक शब्द बदलला नाही. निकिता कुठे आहे ते तिने खरंच सांगितलं नाही, तिला बोल लावू नकोस. काल मी तू मोबाईलवर टाकलेले जुने फोटो परत एकदा पाहिले. निकिताच्या वाढदिवसाच्या फोटोत तिच्या मागे वसतिगृहाची पाटी आहे. नाव आणि गाव स्वच्छ वाचता येतं.

मुकादमाची गाडी तुमच्याकडे पोचायला दोन दिवस लागतात. वाशिमची बस उद्या सकाळी आहे.

तुझा,
अमरदीप