खाणावळवालीनं आधी जेवावं

मी, शिवकन्या बजरंग सोळुंके, वय एकसष्ट, धंदा खाणावळ, राहणार लातूर, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवते. डोकं ठिकाणावर असल्याचा दाखला डॉक्टरांनी दिला आहे. घरच्यांचं मत वेगळं आहे.

१. भूकंपात गावचं घर आणि मालक दोन्ही गेले. तेव्हा लातुरात येऊन शिकवणीच्या पोरींसाठी खाणावळ काढली. तिच्या कमाईवर घेतलेल्या दोन खोल्या मुलगा पंढरी याला. मात्र पुढची, खाणावळीची खोली, पहिल्या दिवसापासून माझ्यासोबत भाकरी थापणाऱ्या सिंधुकडे ती हयात असेतो राहील.

२. दीर शेषेराव गल्लीभर सांगत, "वहिनी पोरींना पाला चारायली." पालाच होता: शेवग्याचा, अंबाडीचा, हरभऱ्याचा. सोबत ज्वारीची भाकरी, जवसाची चटणी, शेंगदाणे-गूळ. एवढ्या स्वस्तात अंगी लागणारं दुसरं काय होतं? वर माझं भाषण फुकट. 'लोह' हा शब्द नवा शिकले होते, तो मी डॉक्टरांपेक्षा जास्त वापरला. शेषेरावांना परसातल्या शेवग्याची सावली देते. शेंगा नाहीत.

३. हिमायतनगरची तनुजा परीक्षेच्या तोंडावर चक्कर येऊन पडली. खाणावळीवर आळ नको म्हणून मी साऱ्या पोरींचं रक्त तपासून घेतलं. तोऱ्यात स्वतःचं आणि सिंधुचंही दिलं.

डॉक्टर म्हणाले, "पोरी ठीक आहेत. ही जागरणानं पडली. सिंधुबाईंचं रक्त आठ, आणि काकू, तुमचं सहा! तुम्ही खाता काय?"

"चहा. आन् उरला तर भात."

पोरी हसल्या. तनुजा हसली नाही. दुसऱ्या दिवशी तिनं आम्हा दोघींना ताटावर बसवलं. "काकू, तुम्ही जेवल्याबगर आमी हात लावणार न्हाई." वीस पोरी उपाशी बसल्या, क्लासची वेळ होत आली. मी रडत रडत जेवले, आणि तेव्हा कळलं, माझ्या वरणात मीठ लई असतं. इतकी वर्षं सिंधुला 'जेवलीस का?' विचारलं नव्हतं, हेही तेव्हाच कळलं.

४. काटवट, तवे, पातेली सिंधुला. अट एकच: रोज पोरींच्या आधी तिनं पोटभर जेवावं. एक दिवस जरी चुकली तरी खोली पंढरीची. त्याची नजर त्या खोलीवर आहेच. तेव्हा सिंधु जेवली की नाही, हे तो रोज न चुकता येऊन बघेल.

सही: शिवकन्या सोळुंके
(सातवी पास, स्वहस्ते)

साक्षीदार:
१. तनुजा कदम, शिक्षिका, हिमायतनगर
२. गुरुपादप्पा बिराजदार, किराणा दुकानदार, लातूर

लातूर, ११ मार्च २००८