बाथरूममध्ये फिल्म वाळतेय

दादा,

बाथरूममध्ये घाईघाईने शिरू नकोस, फिल्म ओली आहे, धूळ बसेल. गोदामाच्या आगीचा रोल आहे. धुरात उजेड कमी म्हणून डेव्हलपरमध्ये जरा जास्तच ठेवला. फोटोत दाणे उमटलेत, पण आग लावणाऱ्याचा चेहरा स्पष्ट दिसतोय.

मघाशी तोच दारात उभा! गोड हसून म्हणाला, "ताई, रोल रंगीत की ब्लॅक अँड व्हाइट?" ब्लॅक अँड व्हाइट आपण घरीच धुतो, हे सगळ्या गल्लीला ठाऊक. मी बोलून गेले, "रंगीत. काकांच्या स्टुडिओत दिलाय."

तो तडक स्टुडिओच्या दिशेने गेला. काका फोन उचलत नाहीयेत. मी तिकडेच पळतेय. तू फिल्म घेऊन थेट पोलिसांत जा.

नसलेला रोल काका कुठून काढून देणार रे?

ठमी