समसमान आणि उलट

१ फेब्रुवारी, रविवार

आलो एकदाचे! खोकी दारातच पडली आहेत, पण माझं लक्ष कुठलं सामानात! मागच्या अंगणात आयता अँटेना उभा आहे. दोन टोकांना दोन खांब, मधोमध तिसरा आणि त्यावर एक करडी पेटी, म्हणजे अँटेना रेडिओशी जुळवून देणारा, लांबून चालणारा ट्यूनर. आधीचा भाडेकरूही माझ्यासारखाच हौशी रेडिओवाला होता म्हणे, जाताना सगळं टाकून गेला. घरमालकाला विचारलं तर म्हणाला, ठेवा नाहीतर फेका, मी त्याला हात लावणार नाही. बरं बाबा, नको लावूस. आंधळा मागतो एक डोळा आणि देव देतो दोन, तसं झालं माझं.

आमची ही कमरेवर हात ठेवून म्हणाली, लोक नव्या घरात आले की आधी नळाला पाणी आहे का ते बघतात, आमच्या नशिबी तारांशी संसार आलाय.

४ फेब्रुवारी, बुधवार

नवी नोकरी ठीक. लिफ्ट त्याच, वंगण तेच, फक्त साहेब जास्त खडूस. घरी आलो की मी मोकळा.

हिला आज पेटीचं काम समजावलं. रेडिओपासून पेटीपर्यंत दोन उघड्या तारा शेजारी शेजारी जातात, मध्ये आडव्या पट्ट्या, दोरीची शिडी असते तशा. पेटीतून एक तार डाव्या खांबाला, एक उजव्या. गंमत अशी की एका तारेतून जेवढं जातं, नेमकं तेवढंच दुसरीतून उलटं येतं. समसमान आणि उलट. दोन्हींत फरक पडला की उरलेलं घरात शिरतं, माईकला ओठ टेकले की चटका बसतो. ट्यूनर आत टकटक करत जोडण्या बदलत राहतो आणि जुळलं की गप्प होतो.

हे ऐकून ही हसत सुटली. आमचं लग्न जुळवणारे हिचे मामा अस्सेच! स्थळ पसंत पडेपर्यंत जीभ टाळूला लावून टकटक करायचे, पसंत पडलं की मुकाट. तेव्हापासून पेटीचं नाव मामा.

८ फेब्रुवारी, रविवार

सकाळी मामांची परीक्षा घेतली. जुळवायला त्यांना सिग्नल लागतो आणि मला तर पेटीपाशी उभं राहून दोन्ही तारांवरच्या मीटरचे काटे बघायचे होते. म्हणून हिला माईकपुढे बसवलं. बटण दाबून धर आणि सलग ‘आ’ म्हण, डॉक्टरपुढे म्हणतात तसं. हसून हसून हिला ‘आ’ येईना. शेवटी आला. मामांनी टकटक लावली, बराच वेळ लावली आणि गप्प झाले. दोन्ही काटे एकाच जागी, केसाचाही फरक नाही. मी ओरडलो, जुळलं!

आत गेलो तर माईक टेबलावर आणि ही भिंतीकडे तोंड करून बसलेली. दमली असेल, घर लावून लावून.

१० फेब्रुवारी, मंगळवार

चहा केला तो स्वतःपुरता. मी चेष्टा केली की मामांकडे तक्रार नोंदवतो. तर माझ्या गळ्याकडे बघत म्हणाली, तू गिळतोस तेव्हा ऐकवत नाही. असं ही कधी बोलत नाही. रुसते, फणकारते, पण दोन मिनिटांत स्वतःच हसते. आज हसली नाही.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

माझ्या श्वासाने मळमळतं म्हणे. माझं अंथरूण बाहेर ओट्यावर फेकलं. मी काय केलंय, एवढं तरी सांग म्हटलं. म्हणाली, आहेस ना, तेवढं पुरे.

रडायला आलं मला. लिहून टाकतो, इथे कोण बघतंय.

१४ फेब्रुवारी, शनिवार

जिन्याच्या वरच्या पायरीला साबण चोळलेला. थेट खाली आलो. गुडघा सुजलाय. ही वरून बघत होती. उतरली, माझ्यावर वाकली आणि शांतपणे विचारलं, डोकं कसं नाही आपटलं.

भीती वाटते मला हिची. स्वतःच्या बायकोची.

१५ फेब्रुवारी, रविवार

जीव रमवायला रेडिओ लावला. गेल्या रविवारचीच फ्रिक्वेन्सी. नुसती खरखर. मग खरखरीत— ‘आ’.

हिचा आवाज. मागोमाग हिचं हसू. ही तर समोर स्वयंपाकघरात उभी होती, ओठ मिटलेले.

मग रेडिओतूनच विचारलं तिने, झालं का, सोडू का आता बटण? हात भरून आलाय.

सात दिवस ती बटण धरून बसली आहे. एका तारेने गेली माझी ही. आणि दुसरीने हिचं उलट घरात आलं. मी आणलं. हात दाखवून अवलक्षण!

१६ फेब्रुवारी

घरमालकाला फोन केला. आधीच्या जोडप्याचं काय झालं म्हटलं. आढेवेढे घेतले, मग बोलला. एवढं गूळपीठ होतं दोघांचं, पण अचानक तिला नवरा डोळ्यांसमोर नको झाला. पुढे एक दिवस तीच बाई अंगणात धाय मोकलून रडत होती, नवऱ्याला काही झालं का विचारत होती. त्याच दिवशी पोलिसांनी नवऱ्याला बेड्या घालून— पुढचं नीट ऐकलंच नाही मी. ती परत आली होती! म्हणजे येतं परत!

हिला माईकपुढे बसवायला गेलो. मनगटाला चावली. रक्त.

मीच बोलेन. तिकडे जेवढं जाईल तेवढं इकडे यायलाच हवं. माझा आवाज गेला तर जाऊ दे. मुका होईन. चालेल.

१७ फेब्रुवारी

रजा टाकली. खोलीला आतून कडी. ती बाहेर दार खरवडतेय.

‘आ’ म्हटलं. दम संपेपर्यंत. मामा टकटक— टकटक— गप्प.

जुळलं.

खरवडणं थांबलं. रडतेय! गुडघा फार दुखतोय का विचारतेय— मी असं कसं वागले म्हणतेय— हीच ती, माझी ही! जीव भांड्यात पडला. उठतो, कडी काढ—

नंतर

नाही काढली अजून. हा आवाज. इतका चिरका होता? इतकी वर्षं कसा ऐकला—

दार उघड म्हणतेय, तुला बघू दे एकदा. माया करतेय. किळस येते.

ती बाई अजून दाराशीच. पाणी आणलंय म्हणे. मनगटाला पट्टी बांधते म्हणे—

टेबलावर पक्कड आहे. चांगली जड आहे.

आता काढतो कडी. येऊ दे आत. आधी ते तोंड एकदाचं—