कपाटातली बुरशी आणि सोनीबाईंचा फेटिया

दारव्ह्याजवळच्या तांड्यावरून, श्रावण महिना

आदरणीय देवीलालभाऊ यांना त्यांच्या बहिणीचा नवरा धनसिंग याचा रामराम.

पत्राला फार उशीर झाला, माफी असावी. तुमचा गुडघा कसा आहे, हंसाबाईंचा खोकला गेला का, केळापूरकडे कपाशी कशी आहे, हे विचारायला मी आषाढातच लिहायला बसलो होतो. पण कोरा कागद घ्यायला झोपायच्या खोलीतलं कपाट उघडलं आणि तिथून जे सुरू झालं ते अजून संपलेलं नाही. (फोन का केला नाही म्हणाल, तर मी फोनवर बोललो की अर्ध्या तांड्याला ऐकू जातं, आणि यातलं काही तुमच्या बहिणीच्या कानावर जायला नको.)

सुनीलने घर बांधताना भिंतीतच कपाट काढून घेतलं, फरशीचे कप्पे आणि प्लायवूडची दारं. कपड्यांना लोखंडी पेटीच बरी असं मी तेव्हाच म्हटलं होतं, पण पोरगा कमावता झाला की बापाचं कोण ऐकतो. दार उघडलं तर आत कुबट वास, आणि माझ्या कोटावर हिरवी लव. मी बोट लावलं, ते साबणाने धुतलं, तरी दोन दिवस छातीत काहीतरी उगवतंय असं वाटत राहिलं. पण छातीपेक्षा मोठा धसका वेगळाच होता. तुमच्या याडीने, म्हणजे माझ्या सासूबाई सोनीबाईंनी, हाताने शिवलेला आरशांचा लाल फेटिया, तो घेरदार घागरा, त्याच कपाटात होता, आणि यंदा तिजेच्या शेवटच्या दिवशी आमची नात राखी तो नेसून नाचणार. तो मी आधी बाहेर काढला. त्यावरही डाग होते. तुमच्या बहिणीला, लालीबाईला, दिसू नये म्हणून सोयाबीनच्या रिकाम्या ड्रममध्ये लपवला आणि मग ओलीच्या मागे लागलो.

मिस्त्री आला. भिंतीला कान लावून म्हणाला, "मागच्या न्हाणीचा पाइप झिरपून राह्यला, भिंत फोडा लागते." फोडली. पाइप कोरडा ठणठणीत. ("मंग वरून येत असन," असं म्हणून त्याने छताकडे अशा नजरेने पाहिलं की मी त्याला चहा पाजून वाटेला लावलं.) मग मी चुना लावला, कडुलिंबाचा पाला ठेवला, कोळसे ठेवले, दिवसभर आत बल्ब पेटवून ठेवला. तरी रोज खालची फरशी ओली. शेवटी गुग्गुळाची दणकून धुनी दिली. धूर खिडकीतून बाहेर गेला आणि घर पेटलं समजून लोक बादल्या घेऊन धावले. लोक चांगले आहेत आपले. पण आषाढभर आलं नव्हतं तेवढं पाणी त्यांनी एका दमात कपाटात ओतलं.

आता सगळंच बाहेर काढणं आलं. खालच्या कप्प्यातली गोधड्यांची चळत ओढली, तर तिच्यामागे टोपली, टोपलीत माती, आणि मातीत वीतभर उंच, पिवळाजर्द गहू. मी ओरडणार तोच लालीबाई म्हणाली, "आवाज नोका करू. तीज हाय ते." तुम्ही तर जाणताच, आपल्या पोरी तिजेला टोपलीत गहू पेरतात, आणि जिचा गहू उंच तिला स्थळ चांगलं असं बायका मानतात. राखीचा गहू कमी पडू नये म्हणून कोणतं बी लवकर वर येतं ते पाहायला, आजी आणि नात आषाढापासून कपाटाच्या अंधारात तालीम करत होत्या. एक टोपली झाली की दुसरी. रोज पाणी, तेही सढळ हाताने.

"भिंत फोडली तवा काहून नाही बोलली?" मी विचारलं.

"तुमच्या पोटात गोष्ट राह्यते का? संध्याकाळपर्यंत तांड्याच्या नायकाच्या घरी पोचली असती."

फेकावा तर तिजेचा गहू, तालमीचा असला म्हणून काय झालं. आता मीच त्याला पाणी घालतो. आणि भाऊ, बी जबरदस्त आहे. सकाळी पाहावं तर बोटभर वाढलेला असतो, मला तर झोप लागत नाही. राखीची टोपली यंदा सगळ्या तांड्यात उंच निघणार. तुम्ही आणि हंसाबाई, दोघंही तिजेला नक्की या.

तुमचा
धनसिंग

ता. क. खरी गोष्ट लिहायची राहिली. फेटियाचे डाग काढायला मी तो विहिरीत टाकायच्या ब्लीचिंग पावडरच्या पाण्यात भिजवला. डाग गेले. लाल रंगही गेला. मागचा घेर आता ताकासारखा दिसतो. याडीने अगदी तसाच दुसरा फेटिया सुनेसाठी, म्हणजे हंसाबाईंसाठी शिवला होता. तो तेवढा पिशवीत घालून गुपचूप घेऊन या. लालीबाईला फरक कळणार नाही.

आणखी एक. पाकीट चिकटवलं होतं, ते पुन्हा फोडलं. आत्ताच लालीबाई भाकरी थापता थापता सहज म्हणाली की तुमच्या पोराच्या लग्नात नणंद-भावजयीने फेटिये बदलून घेतले, कारण हिचा हिला कमरेत होईना. म्हणजे आमचा फेटिया तुमच्याकडे सुखरूप आहे, आणि मी भिजवला तो हंसाबाईंचा. तरी वर दोघंही या असं लिहिलं आहे ते वाचलंच नाही असं समजा. तो फेटिया घेऊन एकटेच या. हंसाबाईंना काय सांगून निघता ते मला लवकर कळवा, म्हणजे इकडे मीही तेच सांगेन. हात जोडतो, उत्तर उलट टपाली पाठवा, पण फोन तेवढा करू नका.